सोनं, होन की पगोडा? जिजाऊंच्या आयुष्यातून समजून घ्या एका धातूच्या अनेक नावांची गोष्ट

रायगडावर जाणारे बहुतेक जण पाचाडला फार वेळ थांबत नाहीत. महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर, गडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. रोपवेची रांग गाठायची घाई असते, नाहीतर ऊन चढायच्या आत पायऱ्या संपवायच्या असतात. पण या गावात राजमाता जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आहेत, तक्क्याची विहीर आहे आणि त्यांची समाधीही आहे. रायगडावरचं थंड, वाऱ्याचं हवामान उतारवयात त्यांना मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला हा वाडा बांधला, असं सांगितलं जातं.

१६७४ च्या उन्हाळ्यात याच पाचाडमध्ये एका धातूला एकाच वेळी अनेक नावांनी हाक मारली जात होती. गावकऱ्यांसाठी ते सोनं होतं. हिशोबाच्या वहीत तो होन होता. राज्याभिषेकाची तयारी करणाऱ्या पंडितांसाठी सुवर्ण होतं. दरबारी कापडावर तो जर होता. आणि मुंबईहून आलेले इंग्रज त्याच नाण्याला पगोडा म्हणत होते.

ही नावं आली कुठून? त्यांचे अर्थ काय? आणि इतकी नावं एकाच गावात एकत्र कशी आली? याचं उत्तर शोधायला जिजाऊंचं आयुष्य सुरुवातीपासून बघावं लागतं. कारण यातलं जवळपास प्रत्येक नाव त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्या ना कुठल्या घटनेला चिकटलेलं आहे.

सिंदखेडची लेक आणि देवगिरीचं सोनं

जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडला झाला, असं मानलं जातं. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव आता सिंदखेड राजा म्हणून ओळखलं जातं. वडील लखुजी जाधवराव हे अहमदनगरच्या निजामशाहीतले मोठे सरदार होते. आईचं नाव म्हाळसाबाई.

सिंदखेडचे जाधव आपली परंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. यादवांची सोन्याची नाणी आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. त्यांवर मधोमध कमळ असतं, म्हणून त्यांना पद्मटंक म्हणतात. यातला टंक हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे. टांकसाळ म्हणजे टंक पाडायची शाळा. टका हा शब्दही टंकापासूनच आला. आज मराठीत टका म्हणजे शेकड्यातला एक भाग आणि बांगलादेशात टाका हे चलनाचं नाव.

मग सोनं हा शब्द? तो संस्कृत सुवर्णपासून प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला. सु म्हणजे चांगला आणि वर्ण म्हणजे रंग. ज्याचा रंग चांगला ते सुवर्ण. नाव देणाऱ्याने धातूचं वजन बघितलं नाही, किंमतही बघितली नाही, फक्त रंग बघितला.

पण पुढे याच शब्दाला वजनही चिकटलं. जुन्या शास्त्रग्रंथांत सुवर्ण हे एका मापाचंही नाव आहे. १६ माष म्हणजे एक सुवर्ण आणि ५ गुंजांचा एक माष, म्हणजे एक सुवर्ण ८० गुंजांचं. लाल आणि काळ्या रंगाची ती इवलीशी गुंज, तिने सोनं मोजलं जायचं. मराठी सराफांच्या तोंडी गुंज, मासा, तोळा हे शब्द कालपरवापर्यंत सहज होते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. सोनं हा धातू आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते खनिजही आहे. लोखंड किंवा ॲल्युमिनियम निसर्गात सहसा दुसऱ्या मूलद्रव्यांशी बांधलेलं सापडतं आणि भट्टीत वेगळं काढावं लागतं. सोनं मात्र अनेकदा खडकाच्या शिरेत किंवा नदीच्या वाळूत थेट सोनं म्हणूनच सापडतं. म्हणून ते माणसाला फार लवकर दिसलं, आणि म्हणूनच जगातल्या जुन्या भाषांमध्ये त्याला स्वतःचं असं नाव आहे.

निजामशाहीचा जर

जिजाऊंचं लग्न वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी झालं. माहेर आणि सासर दोन्ही निजामशाहीच्या चाकरीतलं. या दरबाराची भाषा फारसी होती. त्यामुळे मराठी घरांमध्येही फारसी शब्द पाणी झिरपावं तसे झिरपले होते.

फारसीत सोन्याला जर म्हणतात. मराठीत आपण सोन्याला जर म्हणत नाही, पण जरीकाठी साडी म्हणतो, जरतारी शालू म्हणतो. मराठ्यांच्या निशाणाचं नाव जरीपटका. या सगळ्यांत तोच जर आहे, म्हणजे सोन्याची तार.

आता यातली गंमत बघा. फारसी जर आणि संस्कृत हिरण्य हे शब्द परके नाहीत, एकमेकांचे भाऊबंद आहेत. इराणच्या जुन्या अवेस्ता भाषेत सोन्याला जरन्य म्हणतात. संस्कृतात जिथे ह येतो तिथे अवेस्तात अनेकदा ज येतो, त्यामुळे हिरण्य आणि जरन्य हे एकाच शब्दाचे दोन उच्चार ठरतात. त्यांच्या मुळाशी पिवळा, चकाकणारा असा अर्थ आहे. इंग्रजीतला गोल्ड हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात, आणि इंग्रजीत पिवळ्याला असलेला यलो हा शब्दसुद्धा.

घरातली उदाहरणं हवी असतील तर हळद घ्या. संस्कृत हरिद्रापासून आलेला हा शब्द त्याच पिवळ्या मुळाचा आहे. जर्दाळू घ्या. फारसीत जर्द म्हणजे पिवळं, आलू म्हणजे आलुबुखारसारखं फळ. पिवळं आलू ते जर्दाळू. म्हणजे हळद, जर्दाळू, जरीची साडी आणि इंग्रजी गोल्ड हे सगळे एकाच मोठ्या कुटुंबाच्या फांद्या आहेत.

लॅटिनमध्ये मात्र वेगळा विचार झाला. तिथे सोन्याला ऑरम म्हणतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं एयू हे चिन्ह त्यावरूनच आलं. या शब्दाचं नातं पहाटेच्या उजेडाशी जोडलं जातं, आणि आपल्याकडची उषा त्याच मुळाची.

पण जिजाऊंच्या वाट्याला जरीच्या दरबाराची दुसरी बाजूही आली. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांना देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात बोलावण्यात आलं आणि निजामशहाच्या दरबारात त्यांची हत्या झाली. त्यांच्यासोबत दोन मुलं आणि एक नातूही मारले गेले. ज्या यादवांचा वारसा हे घराणं सांगत होतं, त्यांच्याच राजधानीच्या किल्ल्यात हे घडलं. एका दिवसात वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. जिजाऊंच्या पोटात तेव्हा बाळ होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

होन हा शब्द मुळात कुठला?

१६३६ मध्ये निजामशाही संपली. शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीत गेले आणि त्यांची रवानगी कर्नाटकात झाली. १६३८ मध्ये बंगळूर घेतल्यावर तो मुलूख त्यांच्याकडे जहागीर म्हणून आला. शिवभारत या समकालीन संस्कृत काव्यानुसार शिवाजी महाराजही बालपणी काही काळ बंगळूरला होते आणि १२ व्या वर्षी पुण्याला आले.

बंगळूर म्हणजे कन्नड मुलूख. आणि होन हा शब्द कन्नड आहे.

जुन्या कन्नडमध्ये सोन्याला पोन् म्हणत. तमिळमध्ये ते अजूनही पोन् आहे. २०२२ मध्ये आलेला पोन्नियिन सेल्वन हा सिनेमा आठवतो? त्यातली पोन्नी म्हणजे कावेरी नदी, आणि तिच्या या नावात तोच पोन् आहे. कन्नडमध्ये पुढे शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह झाला. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात, कन्नडमध्ये हालु. तसंच पोन् चं झालं होन्नु. दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्यालाही हेच नाव मिळालं आणि मराठीत ते होन म्हणून स्थिरावलं.

मराठी माणसाने आपल्याकडे सोनं हा शब्द असताना नाण्यासाठी कन्नड शब्द का घेतला?

याचं एक कारण जमिनीत आहे. सह्याद्री हा काळ्या बेसॉल्टचा डोंगर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. रायगड, राजगड, शिवनेरी हे सगळे याच दगडाचे. या दगडात सोन्याच्या खाणी नाहीत. सोनं आहे ते कर्नाटकातल्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, ज्यांचं वय २५० कोटी वर्षांच्याही पुढे जातं. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. कोलारची प्रसिद्ध खाण २००१ मध्ये बंद झाली. कोलारचा मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत होता.

दुसरं कारण बाजारात आहे. विजयनगरच्या राजांची सोन्याची नाणी दक्षिणभर चालत होती. साम्राज्य खिळखिळं झालं तरी नाण्यावरचा विश्वास टिकला. आदिलशाहीतही मोठ्या रकमा होनांत मोजल्या जात. ज्या दिशेने सोनं आलं, त्याच दिशेने त्याचं नाव आलं. फारसी इतिहासकारांनी तो शब्द हून असा लिहिला, आणि हिंदी व उर्दूत भरपूर पैसा येण्याला हुन बरसना असं म्हणू लागले.

याच नाण्याची आणखी दोन नावं होती. अनेक नाण्यांवर विष्णूच्या वराह अवताराचं चित्र असायचं, म्हणून वराह. आणि पोर्तुगीजांनी देवळाला आणि देवाच्या मूर्तीला वापरलेल्या शब्दावरून पगोडा. नाण्यावर देवदेवता दिसतात म्हणून हे नाव पडलं. इंग्रजांनी ते तसंच उचललं. एकच नाणं, पण कन्नड माणसाने त्यात धातू बघितला, कुणी चित्र बघितलं, आणि युरोपच्या व्यापाऱ्याने परका देव बघितला.

पुण्यातला सोन्याचा फाळ

पुण्याची जहागीर जिजाऊंच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहिली. आदिलशाही फौजेने गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला होता. परंपरा अशी सांगते की जिजाऊंनी बाल शिवाजीच्या हातून तीच जमीन सोन्याचा फाळ लावलेल्या नांगराने नांगरून घेतली. कसबा गणपतीची प्रतिष्ठापनाही त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की ते नखाच्या कडकपणाच्या आसपास येतं. बेसॉल्टच्या जमिनीत असा फाळ दोन पावलंही टिकणार नाही. पण या कथेत नांगरणीला शेतीचं काम नव्हतंच. गाव सोडून गेलेल्या लोकांना ही जागा आता शापित राहिलेली नाही, हे सांगायचं होतं. त्यासाठी लोखंड पुरेसं नव्हतं.

जिजाऊंचं नाव नुसतं राजाची आई म्हणून उरलं नाही. वतन, इनाम आणि तंट्यांच्या कारभारात त्या लक्ष घालत होत्या. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्याची धुरा त्यांच्यावर होती. मार्च ते सप्टेंबर असे ते महिने होते. मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या कैदेत, आणि इकडे किल्ले, खजिना, वसुली सगळं चालू ठेवायचं.

कनकगिरी

जिजाऊंचे थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांबरोबर कर्नाटकात होते. अफजलखानाबरोबरच्या मोहिमेत कनकगिरीच्या वेढ्यात ते मारले गेले. आजच्या कोप्पळ जिल्ह्यातलं हे गाव.

कनक म्हणजे सोनं, गिरी म्हणजे डोंगर. सोन्याचा डोंगर.

हे नाव नुसतं सजावटीचं नाही. सम्राट अशोकाच्या कर्नाटकातल्या ब्रह्मगिरी शिलालेखात सुवर्णगिरी या ठिकाणाचा उल्लेख आहे. मौर्यांच्या दक्षिणेतल्या कारभाराचं ते केंद्र होतं. बरेच अभ्यासक ते याच सोन्याच्या पट्ट्यात, कनकगिरी किंवा मस्कीच्या परिसरात असल्याचं मानतात. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षं या मुलखाला सोन्याच्या नावाने ओळखलं जातंय. आणि संस्कृतात कनक या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, धोतरा. हातात आलं तरी माणसाला वेडं करणारं सोनं आणि पोटात गेलं की वेडं करणारं विषारी झाड, दोघांना एकच नाव.

जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजांचाही मृत्यू झाला. शिकारीत घोड्यावरून पडून, तोही कर्नाटकातच, होदिगेरेला. पती आणि थोरला मुलगा, दोघांची शेवटची जागा कन्नड मुलखात. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना विनवण्या करून थांबवलं, असं बखरी सांगतात.

तुळा आणि तोळा

त्यानंतर साधारण एका वर्षाने, ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहण होतं. श्रीक्षेत्र महाबळेश्वरला शिवाजी महाराजांनी आईची सुवर्णतुला केली. तराजूच्या एका पारड्यात जिजाऊ आणि दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतकं सोनं. ते सोनं नंतर दान करण्यात आलं. त्याच दिवशी सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. सोनोपंत हे राज्यातले जुने, वयोवृद्ध मुत्सद्दी.

या एका प्रसंगात किती भाषा जमल्या होत्या ते बघा. तुला हा संस्कृत शब्द. डबीर म्हणजे फारसीत लेखक, चिटणीस. आणि सोनोपंत या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांत चक्क सोनं ऐकू येतं.

आणि तुला हा शब्द तर तुमच्या आमच्या प्रत्येक लग्नाच्या यादीत असतो. तोळा हा त्याच कुळातला. तुल् म्हणजे तोलणं, त्यावरून तुला म्हणजे तराजू, आणि त्यावरूनच तोळा हे माप. १२ माशांचा एक तोळा, साधारण ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाच्या दुकानात एक तोळा म्हटलं की सोयीसाठी १० ग्रॅमच धरतात.

तुला झाली तेव्हा राज्य चढतीला होतं. पण पाच महिन्यांत चित्र पालटलं. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाबरोबर पुरंदरचा तह करावा लागला. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यायचा, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख आपल्याकडे ठेवायचा, असा तो तह होता. ज्या होनांनी जानेवारीत आईचा सन्मान झाला, त्याच होनांत जूनमध्ये राज्याची काटछाट मोजली गेली. तेव्हा मुलूख किती मोठा आहे हे मैलांत सांगत नसत. त्याचा वसूल किती होन येतो, तेवढा तो मोठा.

गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम १६७० मध्ये सुरू झाली आणि जिजाऊंनी ती आपल्या डोळ्यांनी बघितली.

पाचाडला आलेले इंग्रज

मे १६७४. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी जोरात होती. मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील नजराणा आणि तहाचा मसुदा घेऊन निघाला आणि पाचाडला पोहोचला. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, म्हणून इंग्रजांना काही दिवस पायथ्यालाच मुक्काम करावा लागला. ज्या पाचाडमध्ये जिजाऊंचा वाडा होता, त्याच गावात.

ऑक्झिंडेनने नंतर लिहून ठेवलेल्या वृत्तांतात एक महत्त्वाची नोंद आहे. राज्याभिषेकाआधी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि तिला सुमारे १६ हजार पगोडा लागले. मराठी वहीत हा आकडा १६ हजार होन असा गेला असता. एक होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर हे सोनं ५४ किलोच्या आसपास भरतं.

इंग्रजांच्या मसुद्यात नाण्यांबद्दलही एक कलम होतं. मुंबईत पाडलेली त्यांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असं त्यांना लिहून हवं होतं. महाराजांनी ते कलम अनावश्यक ठरवलं. कुठल्याही नाण्याला आपली बंदी नाही, पण प्रजेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्तीही आपण करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. नाणं वजनाला आणि कसाला इतरांच्या बरोबरीचं असेल तर ते आपोआप चालेल.

या उत्तरात नावांच्या सगळ्या गोंधळाचा उलगडा आहे. होन म्हणा, पगोडा म्हणा, वराह म्हणा, सराफ शेवटी ते काट्यावर ठेवतो आणि कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो. नाव हे आश्वासन असतं. ते आश्वासन खरं आहे की नाही, ते पारडं सांगतं.

राजाचं नाव, कन्नड होन

६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर राज्याभिषेक झाला. सभासद बखरीत ३२ मणांच्या सोन्याच्या सिंहासनाचं वर्णन आहे. जिजाऊ तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या. ज्या मुलाच्या जन्माआधी त्यांनी वडिलांना एका सुलतानाच्या दरबारात गमावलं होतं, तो आता स्वतः छत्रपती झाला होता.

राज्याभिषेकाबरोबर भाषाही बदलायला घेतली गेली. फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली. पेशवा मुख्यप्रधान झाले, मजुमदार अमात्य झाले, सरनोबत सेनापती झाले आणि सोनोपंतांचं डबीर हे पद सुमंत झालं. फारसी आणि अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे ते काम होतं. १० वर्गांत विभागलेल्या या कोशात सुमारे १४०० शब्द आहेत.

आणि स्वतःचं सोन्याचं नाणंही निघालं. एका बाजूला देवनागरीत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. वजन साधारण पावणेतीन ग्रॅम. दक्षिणेतल्या सोन्यावर इतकी वर्षं कुणाकुणाची चित्रं आणि अक्षरं होती. आता त्यावर जिजाऊंच्या मुलाचं नाव होतं.

पण त्या नाण्याला लोक काय म्हणायचे? शिवराई होन.

फारसी शब्द कोशातून बाजूला सारता आले, पण होन हटला नाही. तो हटवायची गरजही कुणाला वाटली नसावी. दरबारातला शब्द हुकमाने बदलता येतो. बाजारातला शब्द बदलायला बाजाराचा भरवसा बदलावा लागतो, आणि होन या शब्दामागे पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा होता. त्यामुळे राज्याच्या मुख्यप्रधानाचं वेतनही वर्षाला १५ हजार होन असंच मोजलं गेलं. पदवी संस्कृत, पगार कन्नड, आणि हिशोब मराठीत.

१७ जून १६७४

राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, ज्येष्ठ वद्य नवमीला पाचाडच्या वाड्यात जिजाऊंचं निधन झालं. पावसाळा तोंडावर होता. समाधी पाचाडमध्येच बांधली गेली.

त्यांच्या आयुष्याच्या ७६ वर्षांत दख्खनमधली सत्ता कितीतरी वेळा बदलली. निजामशाही गेली, आदिलशाही खिळखिळी झाली, मोगल आले, आणि शेवटी स्वराज्य उभं राहिलं. प्रत्येक सत्तेने सोन्यावर आपला ठसा मारला. जिजाऊंच्या हातून त्यातलं बरंच सोनं गेलं असेल, पण इतिहासात त्यांच्या नावावर जे सोनं ठळकपणे लिहिलं गेलं, ते दान केलेलं आहे. महाबळेश्वरचं तुलेतलं.

ही नावं पुढे कुठे गेली?

होन व्यवहारातून गेला आणि आता संग्रहालयात किंवा लिलावाच्या बातमीत भेटतो. सोन्याचे शिवराई होन अगदी मोजके सापडले आहेत. तांब्याची शिवराई मात्र चिवट निघाली. ती १९ व्या शतकातही लोकांच्या कनवटीला होती.

पगोडा हे नाव मद्रासच्या इंग्रजांनी १८१८ पर्यंत चालवलं आणि मग रुपयाने त्याची जागा घेतली. आता तो शब्द बौद्ध देवळांपुरता उरलाय. फारसी जर साडीच्या काठाला जाऊन बसला. मोहर हा आणखी एक फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ शिक्का, पण आपल्याकडे सोन्याचं नाणं असा रूढ झाला. गिनी सोनं म्हणतात त्यातली गिनी थेट आफ्रिकेतली. तिथल्या सोन्याच्या इंग्लंडमध्ये पाडलेल्या नाण्यांवरून ते नाव पडलं.

आणि सोनं? त्याला कुठल्याच दरबाराची गरज पडली नाही. दसऱ्याला आपट्याचं पान हातात देऊन लोक सोनं घ्या म्हणतात. पाऊस सरताना सह्याद्रीच्या माथ्यांवर पिवळी सोनकी फुलते. परड्यात सोनचाफा असतो. लाडक्या लेकराला सोन्या म्हणून हाक मारतात. ज्या डोंगरांत या धातूची एकही खाण नाही, तिथल्या लोकांनी त्याचं नाव पानाला, फुलाला आणि पोराला देऊन टाकलंय.

पुढच्या वेळी रायगडावर जाल तेव्हा रोपवेच्या रांगेत उभं राहण्याआधी अर्धा तास पाचाडला काढा. वाड्याच्या पडक्या भिंती, तक्क्याची विहीर आणि समाधी, सगळं जवळजवळ आहे. तिथलं सगळं बांधकाम काळ्या दगडाचं आहे.